गावाच्या आराखड्यात 'माणूस खचला तर' हे कुठे लिहायचं?

बोरीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. आमचं गाव अमळनेर तालुक्यात. 'आमचा गाव, आमचा विकास' आराखडा तयार होतोय, तो ग्रामसभेपुढे ठेवायचाय. करोनाचा अनुभव घेऊन यंदा 'साथ आली तर' असा वेगळा भाग घालायचं ठरलं. विलगीकरणाला शाळेच्या खोल्या, लोकवर्गणीतून घेतलेलं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर कोणाकडे राहील, रात्री चारचाकी कोण काढेल, किराणा घरपोच कोण देईल, सगळं लिहून झालं. मग आमच्या आशाताई म्हणाल्या, "त्या दोन वर्षांत गावातली काही माणसं तापानं नाही गेली, स्वतःहून गेली. त्यांचं कोणत्या पानावर लिहिलंय?" सरपंच म्हणाले, बरोबर आहे, लिहा. आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात आलं, कारण माझ्याकडे कॉम्प्युटर आहे.

मी डॉक्टर नाही, मास्तर नाही. कृषी सेवा केंद्र चालवतो. शाळेतल्या पोरांसाठी निदान शिक्षक तरी आहेत. मला विचारायचंय ते मोठ्या माणसांबद्दल. तीस ते साठ वयाचा, घर चालवणारा माणूस साथीच्या काळात आतून मोडत असेल, तर डॉक्टर नसलेल्या गावानं नेमकं करायचं काय? भाषण नको. आराखड्यात लिहिता येईल आणि खरोखर करता येईल असं सांगा.

भरीतप्रेमी

कलम पहिलं: गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुड मॉर्निंग आणि 'गरम पाण्यानं विषाणू मरतो' बंद. निम्मा ताण तिथेच उतरेल.

संपादक मंडळ

विषय नाजूक आहे. कुणी कसा जीव दिला याचे तपशील, गावाची-माणसाची ओळख पटेल असं काही लिहू नये, ते उडवलं जाईल. वाचणाऱ्यांपैकी कुणाला स्वतःलाच त्रास होत असेल तर टेली-मानस १४४१६ हा सरकारी मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. आता चर्चा चालू द्या.

आकडेमोड

आधी जमीन पक्की करू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे देशाचे आकडे: २०१९ मध्ये १,३९,१२३ आत्महत्या, २०२० मध्ये १,५३,०५२, २०२१ मध्ये १,६४,०३३. या वर्षांत सर्वांत जास्त महाराष्ट्रात, २०२१ मध्ये २२,२०७. आपल्याकडे आत्महत्या म्हटलं की शेतकरीच डोळ्यासमोर येतो. पण २०२१ च्या यादीत शेतकरी आणि शेतमजूर मिळून १०,८८१, गृहिणी २३,१७९ आणि रोजंदारीवाले ४२,००४ आहेत. म्हणजे दर चारातला एक रोजंदारीवाला. बोरीकाठ, तुमच्या आराखड्यात फक्त सातबारावाला माणूस आला तर निम्मं गाव बाहेर राहील.

दुसरं. साथ ऐन भरात असताना आत्महत्या वाढतात, हे तितकंसं खरं नाही. पहिल्या लाटेतला २१ देशांचा एकत्र अभ्यास लॅन्सेट सायकियाट्रीत आला होता, त्यात सुरुवातीच्या महिन्यांत वाढ दिसली नाही. जपानमध्ये तर २०२० च्या पहिल्या काही महिन्यांत संख्या घटली आणि जुलैनंतर उलटी चढली, त्यातही बायकांमध्ये जास्त. सुरुवातीला सगळे एकमेकांना धरून असतात, मदत येते, हप्ते थांबतात. ते सगळं संपलं की माणूस एकटा उरतो. म्हणून तुमच्या आराखड्यात लॉकडाउन उठल्यानंतरचं वर्ष हवं.

खडूस_काका

आकडे छान आहेत. आता माझं ऐका. समुपदेशनानं कर्ज फिटत नाही. माणसाच्या डोक्यावर सोसायटीचं, त्याच्यावर सावकाराचं, त्याच्यावर बायकोच्या गटाचं कर्ज, आणि तुम्ही त्याला सांगणार 'दीर्घ श्वास घ्या'. २०२० ला केळीचे भाव पडले, माल बागेत पिकून गळाला, त्यात केळीवरच्या व्हायरसनं रावेर-यावलच्या बागा उपटायची वेळ आली. त्या माणसाला 'मन मोकळं करा' म्हणणं ही थट्टा आहे. भाव द्या, विमा वेळेवर द्या. बाकी सगळे शहरी चोचले.

नर्सताई_साक्री

काका, रागावू नका, पण दोन्ही खरं असू शकतं. कर्ज सगळ्या गावावर असतं. त्यातला एकच माणूस त्या टोकाला का जातो, हे बघायला कोणी लागतं ना.

मी उपकेंद्रावर आहे. करोनात घरोघर ऑक्सिजन मोजत फिरायचो. बोटाला यंत्र लावलं की आकडा यायला वेळ लागतो, तेवढ्यात मी विचारायची, "झोप लागते का? जेवण जातं का?" बहुतेकांचं उत्तर 'हाव, ठीक' असंच. पण एखादा खाली बघून 'ठीक' म्हणतो तो वेगळा कळतो. एका भाऊंना मी सरळ विचारलं, "भाऊ, जीव देवाना इचार येस का मनमा?" बाजूला उभी असलेली माझी सोबतीण घाबरली, म्हणे असं विचारलं तर नसलेलं डोक्यात घालशील. ते भाऊ म्हणाले, "येस ना बहीण. रातले येस." आणि मग बोलतच राहिले. मोठ्या पोराची नोकरी सुटलेली, भावकीत वाटणीचा वाद, स्वतःचा खोकला जाईना आणि लोक दारासमोरून जाताना तोंडाला रुमाल लावत. कर्ज होतंच, पण त्यांनी ते चौथ्या-पाचव्या नंबरला सांगितलं.

विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, हे आम्हाला प्रशिक्षणातही सांगतात. उलट कोणीतरी विचारलं याचंच माणसाला हलकं वाटतं. फक्त विचारून पळ काढायचा नाही. "बठ जराखा, मी आयकस" म्हणायची तयारी असेल तरच विचारायचं.

उधना_रिटर्न

मी त्यातलाच एक, म्हणून लिहितो. सुरतला लूमवर होतो, उधन्याला खोली. लूम बंद, पगार बंद, गाडी बंद. मे २०२० मध्ये कसाबसा नंदुरबारमार्गे गावी आलो. गावानं शाळेत ठेवलं, ते बरोबरच होतं. पण ज्या गावात लहानाचा मोठा झालो तिथली माणसं शाळेच्या भिंतीपलीकडून 'सुरतवाले आले, सुरतवाले आले' करायला लागली ना, ते लागलं. आईनं डबा आणला तर तिलाही लोकांनी टोकलं. त्या रात्रींमध्ये माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते इथे लिहीत नाही.

मला वाचवलं ते दूध डेअरीच्या सचिवानं. तो समुपदेशक वगैरे काही नाही, तंबाखू खाणारा माणूस. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडे खुर्ची टाकून बसायचा आणि म्हणायचा, "काय भो, आज किती जण आले? नाव लिही, गाव लिही." शाळेत येणाऱ्यांचं रजिस्टर त्यानं माझ्याकडे दिलं. नंतर कळलं की तेच रजिस्टर ग्रामसेवक वेगळं ठेवतच होता. पण मला काम मिळालं, आणि रोज एक माणूस नावानं हाक मारायचा.

खडूस काका, त्यानं माझं कर्ज फेडलं नाही. तरी मी आहे.

खडूस_काका

@उधना_रिटर्न वाचलं. तुम्ही आहात हे चांगलं आहे. पण सगळ्यांच्या नशिबी डेअरीचा सचिव नसतो, म्हणून तर धोरण लागतं म्हणतोय मी.

भरीतप्रेमी

काकांना चक्क सहमत होताना बघून डोळे पाणावले. तारीख लिहून ठेवतो.

लेवाकन्या

मी मूळ यावलची, आता पुण्यात. धाग्यावर आत्तापर्यंत डेअरी आली, शाळेची भिंत आली. बायका कुठे आहेत? आकडेमोड यांनी गृहिणींचा आकडा टाकला आणि सगळे पुढे निघून गेले.

२०२० ची आखाजी २६ एप्रिलला होती. ज्यांना आखाजी म्हणजे काय ते माहीत नाही त्यांना सांगते, खानदेशात सासुरवाशीण वर्षातून एकदा हक्कानं माहेरी येते ती आखाजीला. झोके, गाणी, सांजोऱ्या हे वरवरचं. खरं काम म्हणजे आईला, बहिणीला, मैत्रिणीला वर्षभराचं साचलेलं सांगणं. त्या वर्षी ते झालं नाही, पुढच्या वर्षी आखाजी दुसऱ्या लाटेत सापडली. दोन वर्षं बाई त्याच घरात, त्याच माणसांत, नवरा कामाविना घरी, त्याची चिडचिड, दारू बंद म्हणून वेगळी आणि सुरू झाली म्हणून वेगळी.

तुम्ही म्हणाल १४४१६ आहे. कोणाच्या फोनवरून? घरात एक स्मार्टफोन, तो दिवसा पोरांच्या ऑनलाइन शाळेला आणि रात्री नवऱ्याकडे. बायको कोणाशी बोलली ते तो बघतो. म्हणून उद्या पारावर बसणारी एखादी 'संवाद समिती' काढाल, तर ती बाईच्या कामाची नाही. बचत गटाची बैठक तिच्या कामाची आहे. साथीत पहिली बंद पडते ती बैठक आणि शेवटी सुरू होते तीही तीच, पण हप्ता मागणारा मात्र तोंडाला मास्क लावून दारात उभा.

आकडेमोड

@लेवाकन्या, हप्त्याचा मुद्दा बरोबर. रिझर्व्ह बँकेनं २७ मार्च २०२० ला हप्ते पुढे ढकलायची मुभा जाहीर केली, ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. पण हप्ता थांबला होता, व्याज चालूच होतं. बऱ्याच बायकांना हे सप्टेंबरमध्ये कळलं.

खडूस_काका

हेच! हेच लिहा आराखड्यात. गावातल्या एका माणसानं, निवृत्त बँकवाला असेल, पतसंस्थेतला असेल, आठवड्यातून एकदा ग्रामपंचायतीत बसून लोकांचे कर्जाचे कागद वाचून दाखवायचे. काय भरायचं, काय नाही, वसुलीवाला काय करू शकतो आणि काय नाही. रात्री-अपरात्री दारात येऊन आरडाओरडा करायचा त्याला अधिकार नाही, हे निम्म्या गावाला माहीत नाही. याला समुपदेशन म्हणत असाल तर माझी हरकत नाही.

सातपुड्याचा

धडगाव भागातून लिहितोय. तुमच्या गावात पार आहे, आमच्याकडे पाडे आहेत. एका पाड्यापासून दुसरा डोंगरापलीकडे. नेटवर्क एका ठराविक टेकडीवर. हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर रंगवून काय उपयोग? आणि मराठीत बोलता येतं हे ठीक, पण आमची म्हातारी पावरीत बोलते, मनातलं दुखणं तिला मराठीत सांगता येत नाही.

आमच्याकडे माणूस बिथरला, खचला की आधी बडव्याकडे, म्हणजे पाड्यावरच्या भगताकडे नेतात. शिकलेले लोक याला हसतात. मी म्हणतो, त्यालाच धरा. दोन-तीन बडव्यांना पाड्यावरच्या आशांनी समजावलं की तुमचं तुम्ही करा, पण माणूस मरणाचं बोलत असेल तर त्याच दिवशी आम्हाला सांगा. त्यातल्या एकानं खरंच सांगितलं. आणि ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्यांचं काय? ती माणसं कोणत्याच गावाच्या आराखड्यात नसतात. मुकादमाचा नंबर आशाकडे पाहिजे. २०२० मध्ये कोण कुठे अडकलं हे आम्हाला मुकादमांमुळेच कळलं.

बाकी नंदुरबारनं ऑक्सिजन प्लांट उभारून देशाला दाखवून दिलं की मागास जिल्हा आधीची तयारी करू शकतो. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः डॉक्टर होते, पहिली लाट ओसरल्यावर ते थांबले नाहीत. तशी तयारी मनाच्या बाबतीत का नको?

पांझरा

सगळं वाचतोय. एक थंड पाण्याचा तांब्या ओततो. गावात गोष्ट राहत नाही. सकाळी आशाला सांगितलेलं दुपारी बसस्टँडवर असतं. 'अमक्याच्या डोक्यात मरणाचे विचार येतात' एवढं बाहेर आलं की त्याच्या पोरीचं लग्न मोडलं म्हणून समजा. उधार मिळणं बंद. मी तालुक्याच्या गावी राहतो, आमच्याकडे एकानं गोळ्या सुरू केल्या तर मेडिकलवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक. आता तो गोळ्या धुळ्याहून आणतो.

तेव्हा यादी, रजिस्टर, 'जोखमीची कुटुंबं' असला कागद ग्रामपंचायतीत ठेवणार असाल तर आराखडा न केलेला बरा.

नर्सताई_साक्री

पांझरा भाऊ, शंभर टक्के. आमच्याकडे नावं कागदावर येत नाहीत. प्रत्येकीला तिची घरं तोंडपाठ. आणि कोणाच्या घरी मुद्दाम त्यासाठी म्हणून जायचंच नाही. बीपी मोजायला जायचं, लसीच्या डोसचं विचारायला जायचं. शेजारणीला कळतच नाही.

वकील_भुसावळ

पोलिसांची भीती हे लपवण्याचं मोठं कारण आहे, म्हणून कायदा सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५: आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं, तिच्यावर खटला नाही, आणि तिला उपचार-पुनर्वसन देणं ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात जुनं कलम ३०९ नाहीच. फक्त सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न कलम २२६ खाली गुन्हा आहे. दवाखाना पोलिसांना कळवेल, जबाब होईल, पण म्हणून माणसाला खाजगीत लपवून ठेवू नका. वेळ जातो आणि माणूस हातचा जातो. पोलीस पाटलाला हे नीट समजावून ठेवा, अर्धी भीती त्याच्याच तोंडून पसरते.

खडूस_काका

@बोरीकाठ, एक विचारू? फवारणीची औषधं तुम्ही विकता. आधी दुकानाचं काय ते लिहा, मग गावाचं.

बोरीकाठ

काका, वाटच बघत होतो कोणी विचारेल याची. दुकानात बसून जे दिसतं ते सांगतो. उधारीच्या वहीत माणसाचा वर्षभराचा हिशेब असतो. नेहमी चार एकराचं सामान नेणारा माणूस हंगाम नसताना एकटा येतो, काय पाहिजे ते धड सांगत नाही, नजर देत नाही, तेव्हा मी 'स्टॉक नाही' म्हणतो. चहा मागवतो. घरी फोन लावतो, "भाऊ इथे बसलेत, पोराला पाठवा, बियाण्याचा हिशेब करायचाय." तालुक्यातल्या आम्ही काही दुकानदारांनी हे आपसात ठरवून घेतलंय, कारण मी नाही म्हटलं तर तो पुढच्या दुकानात जाईल. धंदा बुडतो का? थोडा बुडतो.

आराखड्यात लिहावं म्हणतो की औषधं घरात नकोत, शेतात किंवा घराबाहेर कुलूपपेटीत. ग्रामपंचायतीनं पेट्या द्याव्यात.

आकडेमोड

इथे मात्र सावध. श्रीलंकेत १८० गावांत, ५० हजारांवर घरांना अशा कुलूपपेट्या देऊन मोठी चाचणी केली होती, २०१७ मध्ये निष्कर्ष आले. पेट्यांमुळे प्रमाण कमी झालं नाही. किल्ली घरातच असते ना. त्याच श्रीलंकेत सर्वांत विषारी औषधांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली, तर १९९५ नंतर आत्महत्यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास उतरलं. शेतीचं उत्पादन बुडालं नाही. बंदी दिल्लीच्या हातात आहे, गावाच्या नाही. पण जहाल औषधं न ठेवणं दुकानदाराच्या हातात आहे. तुमचं 'स्टॉक नाही, चहा घ्या' हे पेटीपेक्षा जास्त कामाचं वाटतं मला. त्या क्षणाला काही वेळ मिळाला की बरेच जण परत फिरतात.

पांझरा

पेट्यांवर पैसे गेले की फोटो मात्र चांगले येतात.

डॉक्टर_शिकाऊ

मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण चालू आहे, घर चाळीसगावला. विदर्भातला 'विश्राम' प्रकल्प इथे सांगायलाच हवा. अमरावती जिल्ह्यातली ३० गावं, गावातलेच कार्यकर्ते प्रशिक्षण देऊन तयार केले, त्यांच्या मागे समुपदेशक आणि त्यांच्या मागे मानसोपचारतज्ज्ञ. दीड वर्षानंतर नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. गावपातळीवर बोलण्यानं फरक पडतो याचा हा आपल्याच राज्यातला पुरावा, काकांसाठी खास.

पण 'मागे समुपदेशक, त्याच्या मागे डॉक्टर' हे विसरू नका. गावकऱ्यानं ऐकायचं, पण सगळं एकट्यानं पेलायचं नाही. कोणी मरणाचं स्पष्ट बोलत असेल, सामान-कागद आवरत असेल, लोकांची देणी अचानक मिटवत असेल, तर त्याला त्या रात्री एकटं सोडायचं नाही. विश्वासातला एक माणूस सोबत ठेवायचा, घरातलं धोक्याचं बाहेर काढायचं, १०८ किंवा गाडीनं जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात न्यायचं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम ग्रामीण रुग्णालयांतही येते, तुमच्याकडे कोणत्या वारी येते ते विचारून भिंतीवर लिहा. आणि जो एकदा प्रयत्न करून वाचलाय, त्याच्याकडे घरी आल्यावर पहिले काही महिने कोणीतरी ठरवून जायला हवं. सर्वांत जास्त धोका त्यालाच असतो. गाव मात्र नेमकं त्यालाच टाळतं.

भरीतप्रेमी

जरा वातावरण जड झालं म्हणून विचारतो: भरीत पार्टीला आराखड्यात जागा आहे का? गंमत नाही करत हो. थंडीत शेतात काटक्यांवर वांगी भाजायला जी माणसं जमतात, त्यात एरवी शब्द न बोलणारे बोलतात. हातात काम असतं, नजर जाळाकडे असते. आमच्या चुलत्यांनी बायपासची भीती पहिल्यांदा सांगितली ती वांगी सोलताना.

लेवाकन्या

आणि कळण्याच्या भाकरी घरून कोण करून पाठवतं? :)

भरीतप्रेमी

ताई, पुढच्या वेळी पुरी. बाजारातून.

मुक्ताईनगरी

आकडेमोड म्हणाले ना, खरा धोका नंतर असतो. तो मी घरात पाहिला म्हणून लिहिते.

दुसऱ्या लाटेत माझे मेहुणे गेले. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, आली त्याहून कमी. आपल्याकडे मयत झाली की दारावर बसायला माणसं येतात, गंधमुक्तीपर्यंत घर भरलेलं असतं. शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात, कोणीतरी जुनी गोष्ट काढतं, रडू येतं, मध्येच हसूही येतं. बहिणीच्या दाराशी त्या दिवसांत कोणी आलं नाही. पत्रा ठोकलेला होता. आणि निर्बंध उठले तेव्हाही कोणी आलं नाही, कारण आता 'जुनं झालं' होतं. आता गेलं तर तिला उगाच आठवण होईल, असं म्हणायचे. तिला कधी विसर पडला होता?

दिवाळीनंतर ती बोलायचीच बंद झाली. मी हट्टानं जाऊन राहिले. मग आमच्या गावातल्या चार-पाच बायकांनी, कोणी सांगितलं नाही, आपणहून ठरवलं की करोनात ज्यांच्या घरी माणूस गेलं आणि दारावर कोणी बसलं नाही, तिथे आता जायचं. सहा महिन्यांनी, वर्षानं, कधीही. आधी फोन करून, भाजी-भाकरी घेऊन. दारावर बसायला मुदत नसते, असं त्यातल्या एक आजी म्हणाल्या. बहीण आता बरी आहे, गोळ्याही घेते, गटातही जाते.

करोनात गेलेल्याच्या घराला सरकारनं ठरवलेली पन्नास हजारांची मदत मिळवायला तिनं तालुक्याला किती चकरा मारल्या ते वेगळंच. पण ती कागदपत्रं करायला कोणी सोबत गेलं तेही तिला दारावर बसण्यासारखंच वाटलं.

वकील_भुसावळ

त्या पन्नास हजारांबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नव्हती. करोना निदान झाल्यापासून ३० दिवसांत त्या माणसानं आत्महत्या केली असेल, तरी कुटुंब मदतीला पात्र होतं. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्यता दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत ते आहे. आधी अशा मृत्यूंना वगळलं होतं. लाजेपोटी किती घरांनी अर्जच केला नसेल.

उधना_रिटर्न

@मुक्ताईनगरी ताई, त्या आजींना नमस्कार सांगा.

खडूस_काका

मे-जून २०२० मध्ये जळगावचा मृत्युदर देशभर गाजत होता. तेव्हा आम्ही रोज सकाळी पेपरात पहिलं आकडा बघायचो. गेलेल्यांच्या मागे घरात कोण उरलं याचा आकडा कोणी छापला नाही. मुक्ताईनगरीताईंनी लिहिलं ते आराखड्यात घ्या. पैसे लागत नाहीत.

कर्जाच्या कागदांचंही घ्या. मी माझ्या गावात स्वतः बसायला तयार आहे, चष्म्याचा नंबर वाढलाय तरी.

बोरीकाठ

सगळ्यांचं वाचून कच्चा मजकूर लिहिलाय. बघा.

"साथ जाहीर झाली की गावातल्या प्रत्येक गल्लीसाठी एक पुरुष आणि एक स्त्री अशी दोन माणसं ठरवावीत, त्यांनी आपल्या गल्लीतल्या घरी दुसऱ्या कामाच्या निमित्तानं जाऊन यावं. नावांची यादी ठेवू नये. बाहेरून आलेल्या, विलगीकरणात असलेल्या माणसाला काहीतरी काम द्यावं, रोज कोणीतरी त्याला नावानं हाक मारावी. बचत गटाची बैठक बंद करू नये, मोकळ्या जागेत अंतर ठेवून घ्यावी. ग्रामपंचायतीतला एक मोबाइल बायकांसाठी उपकेंद्रात ठेवावा, त्यावरून १४४१६ ला बोलता येईल, दार लावून. आठवड्यातून एकदा कर्जाचे कागद वाचायला जाणकार माणूस बसेल. कृषी दुकानदार आणि पोलीस पाटील यांना आशाताईंनी माहिती द्यावी. कोणी मरणाचं बोललं तर त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात न्यावं, गाडी वरच्या पानावरच्या यादीतलीच. ज्या घरी माणूस गेलं तिथे निर्बंध उठल्यानंतर गावानं दारावर बसायला जावं. हे सगळं साथ संपल्यावर निदान एक वर्ष चालू ठेवावं."

सातपुड्याचा

बाहेरगावी कामाला गेलेल्यांचे आणि मुकादमाचे नंबर राहिले.

डॉक्टर_शिकाऊ

आणि प्रयत्न करून वाचलेला माणूस. त्याच्यासाठी वेगळी ओळ घाला, तो गल्लीच्या दोन माणसांवर सोडू नका. त्या दोन माणसांना स्वतःचं बोलायलाही कोणीतरी हवं, महिन्यातून एकदा नर्सताईंसारख्या कोणाशी. नाहीतर तीच खचतील.

पांझरा

'निदान एक वर्ष' पाहून ग्रामसेवक विचारील, खर्च कोणत्या शीर्षाखाली?

बोरीकाठ

विचारलंच. मी म्हटलं मोबाइलचा रिचार्ज सोडून खर्चच नाही. तो म्हणतो, मग आराखड्यात कशाला, ज्यात खर्च नाही ते आराखड्यात बसत नाही.

खडूस_काका

त्याला माझा नंबर द्या.

भरीतप्रेमी

ग्रामसेवकासाठीही गल्लीतली दोन माणसं ठरवून ठेवा.

लेवाकन्या

@बोरीकाठ, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. मजकूर तिथे आधी वाचा. मोबाइल उपकेंद्रात ठेवायचा की अंगणवाडीत, हे बायकाच सांगतील. अंगणवाडीत गेलं तर कोणी विचारत नाही कशाला गेली.

बोरीकाठ

महिला सभा गुरुवारी आहे. आशाताईच वाचून दाखवतील, मी बाहेर बसेन. अंगणवाडीचं लिहून घेतलं.

नर्सताई_साक्री

बाहेर बसा, पण दाराला लागून नको. ओट्यावर बसा.